उपाशीपोटी यायची गरज नाही

फोन आला तेव्हा केरू आहेर बिटको चौकात मेथीच्या जुड्या निवडत होता. निवडत म्हणजे काय, सगळ्या जुड्या सारख्याच. पण शुभांगीची ताकीद असते की बारीक पानाचीच आणा, मोठ्या पानाची कडू लागते, आणि निवृत्त माणसाला अशा ताकिदी पाळायला वेळच वेळ. फोनवर बाई होती. पोलीस ठाण्यातून बोलते म्हणाली. आवाज तरुण, सर्दीने बसलेला. "हर्षल केरू आहेर तुमचे कोण?" केरू म्हणाला, "मुलगा." "काका, सोमवारी सकाळी सिव्हिलला यायचंय. डीएनएसाठी ब्लड द्यायचं. तुमचं आणि त्यांच्या आईचं, दोघांचं लागतं. तिकडून यादी आलीय, ओळख न पटलेल्यांची." मग कागद चाळल्याचा आवाज, एक शिंक, आणि ती म्हणाली, "उपाशीपोटी यायची गरज नाही." केरू म्हणाला, "बरं, थँक्यू." फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण थँक्यू म्हणालो. भाजीवाली विचारत होती, "दादा, घेताय ना?" त्यानं हाताला लागली ती जुडी उचलली. घरी आल्यावर शुभांगी म्हणाली, "हे काय आणलंत, डोंबल! केवढाली पानं ती!" आणि तो म्हणाला, "आज अशीच होती."

गुरुवार होता. सोमवारपर्यंत मध्ये तीन दिवस. तीन दिवसांत बायकोला एक वाक्य सांगायचं, एवढंच काम होतं, आणि तेच त्याच्यानं होईना. त्याच्या डोक्यात ते दुसरंच वाक्य बसून राहिलं होतं. साखरेमुळे दर तीन महिन्यांनी तो रक्त द्यायला जायचा, रात्रीपासून तोंडात काही न घालता. मग लॅबच्या समोरच पोहे खायचे आणि दीड तासानं पुन्हा हात पुढे करायचा, हे सहा वर्षं चाललेलं. त्या रक्ताला तुम्ही काय खाल्लं ते कळतं. ह्या रक्ताला त्याच्याशी देणंघेणं नाही. पुरणपोळी खाऊन या नाहीतर कोरडी भाकरी, त्यातून बाप तोच निघणार. त्याला शिसारी आली, म्हणजे खरोखरच घशाशी आलं, आणि शुभांगीनं विचारलं, "ॲसिडिटी झाली का?" तर तो हो म्हणाला. तिनं कोकमाचं पाणी करून दिलं. तो ते उभ्याउभ्या प्यायला आणि तिच्याकडे बघणं टाळून गॅलरीत गेला.

केरू छत्तीस वर्षं प्रेसमध्ये, सरकारी छापखान्यात होता. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. अर्ध्या गल्लीचे बाप तिथूनच रिटायर झालेले. नांदगावकडच्या खेड्यातून बावीस वर्षांचा पोरगा येऊन तिथं चिकटला आणि शेवटची सोळा वर्षं पासपोर्टच्या पुस्तकांवर काढली. कागदातला पाण्याचा छाप, आत ओवलेला धागा, निळ्या दिव्याखाली धरल्यावरच उमटणारी शाई. हर्षल लहान असताना विचारायचा, पप्पा एवढं कशाला करतात, आणि केरू मोठ्या रुबाबात सांगायचा, चोरासाठी. खोटं करणाऱ्याला जमू नये म्हणून. सगळी तजवीज खोट्या माणसाविरुद्ध. खरा माणूस, खऱ्या गणवेशातला, खरा शिक्का खिशात असलेला, समोर उभा राहून हात पुढे करील आणि पुस्तक मागून घेईल, ह्याच्यावर कुठल्या शाईचा उपाय होता? छत्तीस वर्षांत कोणा साहेबाच्या डोक्यात ते आलं नाही, आणि केरूच्या तर नाहीच नाही. आता गॅलरीत उभं राहून समोरच्या बिल्डिंगच्या वाळत घातलेल्या चादरींकडे बघताना त्याला स्वतःच्या त्या रुबाबाची लाज वाटली.

त्या देशाचं नाव घरात कोणी घेत नाही, 'तिकडे' म्हणतात. हर्षल तिकडे जाऊन चौदा महिने झाले. डिप्लोमा करून अंबडच्या एमआयडीसीत कंपनीत लागला होता. अकरा महिने झाले की ब्रेक, पुन्हा नवं कॉन्ट्रॅक्ट, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या ब्रेकमध्ये त्याला कुठलासा एजंट सापडला, गोदामात इलेक्ट्रिशियनचं काम, राहणं-जेवण त्यांचं. शुभांगी नको म्हणत होती. केरूनं काय म्हणावं? केरू म्हणाला, "जाऊ दे त्याला. तिथं शिस्त आहे." हे वाक्य त्यानं नुसतं म्हटलं नव्हतं, त्याचा त्यावर विश्वास होता. निवृत्तांच्या ग्रुपवर त्या तिकडच्या राजाचे व्हिडिओ यायचे. निवडून आलेला म्हणतात, पण इतकी वर्षं तोच निवडून येतो म्हटल्यावर राजाच की तो. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला तो बसायचा आणि दुसऱ्या टोकाला त्याचे मंत्री, शाळेतल्या पोरांसारखे मान खाली घालून. केरूनं त्याखाली स्वतःच्या बोटांनी लिहिलं होतं, माणूस असावा तर असा, एका शब्दात देश हलवतो. सत्तावीस जणांनी अंगठा दाखवला होता. हललाच देश. एका सकाळी त्या माणसानं एका कागदावर सही केली की देशात काम करणाऱ्या परक्यांनी वर्षभर सैन्याला 'साहाय्य' करायचं, आणि त्या हलण्यात नाशिकरोडच्या केरू आहेरचा पोरगा गोदामातून उचलून जंगलातल्या बराकीत जाऊन पडला. कुणाशी लढाई, कशासाठी, डोंबलाचं कुणाला ठाऊक! पूर्वी शत्रू म्हटला की सीमेच्या पलीकडे असायचा, नकाशात बोट ठेवून दाखवता यायचा. आता तो नोकरीची जाहिरात देतो, तिकीट काढून देतो, विमानतळावर न्यायला येतो.

आणि पासपोर्ट. तो दिवस केरूला तासातासानं आठवतो. म्हणजे तो आठवत नाही, दिवसच येऊन बसतो. सोसायटीची पाण्याची मोटर जळाली होती आणि मेकॅनिक खड्ड्यात उतरला होता. केरू वर बॅटरी धरून उभा. दुपारचे साडेतीन-चार. हर्षलचा फोन आला. "पप्पा, इथं एक साहेब आलाय. सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतोय. नोंदणी करायची म्हणतो, संध्याकाळी परत. दोघं जण नाही म्हणतायत. मी काय करू?" केरूनं विचारलं, "सरकारी आहे का?" "हो, युनिफॉर्ममध्ये आहे." "शिक्काबिक्का?" "आहे." "मग दे की रे. सरकारी माणूस काय तुझा पासपोर्ट पळवून नेणारे? फक्त बिल्ला मागून घे. पावती, टोकन, जे काय देतील ते." बिल्ला! हे दुसऱ्या कुणा बापाला सुचलं नसतं. प्रेसमध्ये सकाळी आत जाताना खिशातलं सगळं गेटवर ठेवायचं, पाकीट, मोबाइल, बसचा पास, आणि बदल्यात पितळी बिल्ला घ्यायचा. संध्याकाळी झडती झाली की बिल्ला द्यायचा आणि आपलं सगळं जसंच्या तसं परत. छत्तीस वर्षांत त्याचं काही म्हणजे काही गेलं नाही. एकदा तर दाण्यांची अर्धी खाल्लेली पुडी ठेवली होती, तीही परत मिळाली, पुडीला गाठ होती तशीच. सरकारजमा केलेली वस्तू हरवत नाही, हे केरूच्या हाडात मुरलं होतं. हर्षलनं विचारलं, "नक्की ना पप्पा?" तो म्हणाला, "नक्की." तेवढ्यात मेकॅनिक खालून ओरडला, "काका, उजेड इकडं धरा ना," आणि त्यानं फोन ठेवला.

हे शुभांगीला माहीत नव्हतं. म्हणजे त्यानं सांगितलं नव्हतं. त्यानंतर हर्षलचे तीन फोन आले, दर वेळी वेगळ्या नंबरवरून. शेवटच्या फोनमध्ये तो इतका हळू बोलत होता की शुभांगीला वाटलं त्याला ताप आहे. त्या फोनला सात महिने झाले. ती म्हणते, कुठंतरी जेलात असेल. जेलात असला तरी दोन वेळचं जेवण मिळत असेल ना हो? केरू म्हणतो, मिळत असेल. दिवाळीच्या आधी बातम्यांत दोन पोरं दाखवली, दिल्लीच्या विमानतळावरून बाहेर येताना, हडकलेली, त्यांच्या गळ्यात पडून बाया रडत होत्या. पत्रकारानं विचारलं, तुम्ही कसे सुटलात? त्यातला एक म्हणाला, आम्ही पासपोर्ट दिला नव्हता, लपवला होता, त्याच्या जोरावर शहरात पळालो. शुभांगी स्वयंपाकघरात होती. केरूनं टीव्ही बंद केला आणि तिनं विचारल्यावर सांगितलं, लाइट गेली. पंखा डोक्यावर फिरत होता. तिनं पंख्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोळी लाटायला गेली.

त्यानं काही केलं नाही असंही नाही. अर्ज केले, ईमेल करवले, एका पत्रकाराला घरी बोलावून फोटो दिला. त्यानंतर चारच दिवसांनी साध्या कपड्यातले दोघं घरी आले, अतिशय अदबीचे. चिवडा खाल्ला, चांगला झालाय म्हणाले. "काका, वरच्या पातळीवर बोलणी चाललीत. पेपरात आलं की त्यांची अडचण होते. दोन देशांचे संबंध असतात. तुमच्यासारख्या सरकारी माणसाला आम्ही काय सांगायचं?" निघताना त्यातला एक चपला घालता घालता म्हणाला, "स्नेहल पुण्यातच आहे ना अजून? बँकेत?" स्नेहल म्हणजे केरूची थोरली. तिचा विषय त्या पूर्ण तासात निघाला नव्हता. केरू हो म्हणाला. तो म्हणाला, "चांगलंय." बातमी आली नाही. निवृत्तांच्या ग्रुपवर त्यानं स्वतः लिहून टाकलं, तर दहा मिनिटांत ते पुसलं गेलं आणि ॲडमिननं हात जोडून लिहिलं, ग्रुपवर राजकारण नको. ह्यातलं काय राजकारण होतं? माझा मुलगा सापडत नाही, एवढंच लिहिलं होतं की.

रविवारी दुपारी तो कादरकडे गेला. कादर शेख प्रेसमध्ये बांधणीला होता, वीस वर्षं दोघांची टेबलं शेजारी. कादर ओट्यावर ऊन खात बसला होता, पायाला गुडघ्याचा पट्टा. केरूनं त्याला सगळं सांगितलं, शिंकेसकट. कादरनं गुडघ्याचा पट्टा सैल केला. मग म्हणाला, "वहिनीला सांगितलं?" "नाही." "येड्या, दोघांचं लागतं म्हणाली ना ती?" "मी एकटाच जाऊन बघतो. माझ्या एकट्याचं चालतं का विचारतो." "आणि चाललं तर? घरी येऊन काय सांगणार, साखर तपासून आलो?" केरू म्हणाला, "कादर, रक्त दिलं नाही तर तो यादीत येत नाही. नंबरच पडला नाही तर माणूस मेला असं कोण म्हणणार? आपण नाही का, रजिस्टरला चढेपर्यंत पुस्तकाला पुस्तक धरत नव्हतो." कादरला हसू आलं आणि ते त्यानं गिळलं. "तू ना केरूभाऊ, रिटायर झालाच नाहीस. अरे, तुझ्या घरी ती दोन माणसं चिवडा खाऊन गेली. माझं पोरगं असतं तर मला त्यांच्या ऑफिसात बसवलं असतं दिवसभर, आणि विचारलं असतं, तुझा पोरगा गेलाच कशाला तिकडं? तुला निदान फोन तरी येतो, काका म्हणतात. जा, सांग वहिनीला." केरूला ह्याचा राग आला. मग राग गेला, कारण कादर खोटं बोलत नव्हता, आणि त्याला आठवलं की ग्रुपवरच्या त्या टेबलवाल्या व्हिडिओखाली सत्तावीस अंगठ्यांत कादरचा नव्हता. तेव्हा ते त्याला थोडं लागलंही होतं.

त्यानं सोमवारी सकाळीच सांगितलं, सात वाजता, ती केस विंचरत होती तेव्हा. वाक्य पाठ केलेलं होतं, ते अर्ध्यात मोडलं. "सिव्हिलला जायचंय. दोघांनी. हर्षलसाठी रक्त." तिनं फणी थांबवली नाही. शेवटपर्यंत वेणी घातली, रबर लावलं, फणीतले केस काढून गुंडाळून टाकले. मग विचारलं, "काही खाऊन जायचं की उपाशी?" केरूनं नुसती मान हलवली, आणि त्यातून तिला काय समजलं कोण जाणे, तिनं दोघांसाठी चहा टाकला आणि चार खारी मोजून ताटलीत ठेवल्या. दोघांनी त्या खाल्ल्या. खारीचा चुरा त्याच्या स्वेटरवर पडला तो तिनं हातानं झटकला.

बसनं द्वारका चौकापर्यंत जायलाच पाऊण तास लागला. कुंभमेळ्याच्या कामांनी सगळा रस्ता उकरून ठेवलेला, जिकडे तिकडे पत्रे, बॅरिकेड, आणि थंडीत धुळीचा वास. शुभांगी खिडकीशी बसली होती. केरूला वाटलं आता सांगावं, आता, गांधीनगरला, आता बोधलेनगरला. रक्ताचं सांगून झालं होतं; पण ते तर पोलिसांचं वाक्य होतं. त्याचं स्वतःचं राहिलंच होतं. ते आत्ता नाही सांगितलं तर ही बाई सुईखाली हात धरील आणि तिला माहीतच नसेल की हा हात तिला कुणामुळे धरावा लागतोय. तो म्हणाला, "शुभा." तिनं वळून पाहिलं. तो म्हणाला, "थंडी वाजतेय का? काच लावू?"

सिव्हिलला ती सर्दीवाली कॉन्स्टेबल दारातच भेटली. तोंडाला मास्क, वय हर्षलएवढंच. तिनं शुभांगीचा हात धरून तिला आत नेलं, हे केरूला बरं वाटलं. टेबलावर दोन छापील फॉर्म होते. केरूची नजर सवयीनं आधी छपाईवर गेली, समास वाकडा होता, आणि मग दुसऱ्या ओळीवर: मृताशी नाते. त्यानं 'वडील' लिहिलं. प्रत्येक अक्षर वेगळं काढलं आणि पेन शुभांगीकडे दिलं. तिनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग पेन आडवं धरून तिनं 'मृताशी' ह्या शब्दावर एक रेघ मारली, दुसरी मारली, मारतच राहिली, खालचा कागद फाटेपर्यंत. तंत्रज्ञ पोरगा म्हणाला, "अहो ताई, अहो!" कॉन्स्टेबल म्हणाली, "असू दे, असू दे," आणि मग खूप हळू म्हणाली, "पण ताई, खाडाखोड चालत नाही हो. तिकडून परत पाठवतात. दुसरा भरावा लागेल." केरूला माहीत होतं की चालत नाही. त्यानंही कधी चालवून घेतली नव्हती. नवा फॉर्म आला, तसाच, तोच वाकडा समास. शुभांगीनं तो मुकाट्यानं भरला. नाते: आई. सही करताना तिनं जीभ दातात धरली होती, शाळेतल्या मुलीसारखी. मग आधी तिचं रक्त घेतलं, मग त्याचं. तंत्रज्ञ पोरगा म्हणाला, कधीपर्यंत कळेल ते आम्हाला सांगता येत नाही, नंबर बरोबर आहे ना तुमचा? केरूनं नंबर सांगितला. तिनंही तिचा सांगितला.

बाहेर त्र्यंबक नाक्याच्या थांब्यावर ऊन होतं. दोघं बाकावर टेकली. दोघांच्या डाव्या कोपरात कापसाचे बोळे, दोघांचे हात मुडपलेले. रस्त्यानं द्राक्षांच्या क्रेटचा एक टेम्पो गेला, मागं कॉलेजच्या मुलींची स्कूटी. केरूला वाटलं की आता बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही, आणि हे ओझं घेऊन धड मरताही येणार नाही.

"शुभा," तो म्हणाला, "पासपोर्ट मीच दे म्हटलं होतं त्याला."

ती रस्त्याकडे बघत होती.

"त्यानं विचारलं होतं मला. नक्की ना, असं विचारलं. मी म्हटलं, नक्की. ते दोघं नाही म्हणत होते ना, ते परत आले. मी टीव्हीवर बघितले. आपलाही आला असता."

"माहितेय," शुभांगी म्हणाली.

"काय माहितेय?"

"तुमच्याशी बोलून झाल्यावर त्यानं मला फोन केला होता. मी दळण आणायला गेले होते, चक्कीत धड ऐकूही येत नव्हतं. म्हणाला, मम्मी, पप्पा दे म्हणतात, पण माझं मन होत नाहीये. मी पण त्या दोघांसारखं नाही म्हणून बघू का?"

केरूनं विचारलं, "मग?"

"मी त्याला रागावले," ती म्हणाली. "म्हटलं, तुझ्या बापानं सगळा जन्म त्या पासपोर्टात काढला, त्यातलं त्यांना जास्त कळतं की तुला? दे गुमान. म्हणाला, बरं मम्मी."

बस आली. नाशिकरोडचीच होती. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, वाट पाहिली आणि बस निघून गेली.